आमेन कोणीं म्हणावें?

वरच्या वर्गांतील विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि तो विचारण्यासारखाच आहे. प्रार्थना ही जर मनुष्याचें अंतःकरण आणि देव यांच्यामधली गोष्ट आहे, तर ती दहा जणांनीं एका ठिकाणीं जमून कां करावी? एकांतांत केलेली प्रार्थना अधिक खरी नव्हे काय? चार लोक जमले कीं थोडाफार देखावा येतोच, आणि देखावा आला कीं भक्ति मागच्या दारानें निघून जाते, असें हे विद्यार्थी म्हणतात. प्रश्न ख्रिस्ती मंडळीच्या रिवाजास उद्देशून असतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे तो सर्वांच्याच दाराशीं येऊन उभा राहतो. मी स्वतः ख्रिस्ती मंडळीचा सभासद नाहीं. तथापि ख्रिस्ती प्रार्थनेच्या वेळीं मागच्या रांगेंत उभें राहण्याचा प्रसंग मला पुष्कळ वर्षें येत आहे, आणि मागच्या रांगेंतून कांहीं गोष्टी पुढच्या रांगेपेक्षां अधिक स्पष्ट दिसतात.

प्रथम आपल्या गांवाकडे पाहूं. प्रकाशा हें तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचें क्षेत्र. लोक त्यास दक्षिण काशी म्हणतात. काशीची यात्रा झाल्यावर येथें येऊन केदारेश्वराचें दर्शन घेतल्याखेरीज ती पुरी होत नाहीं, असा समज आहे. सन १९५४-५५ मध्यें पुरातत्त्व खात्यानें येथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. म्हणजे या कांठावर मनुष्य कित्येक सहस्र वर्षें सकाळीं उठून पाण्याकडे तोंड करून उभा राहत आला आहे. सिंहस्थाच्या पर्वणीस हजारों माणसें येथें एकाच वेळीं स्नान करितात. परंतु त्यांतील प्रत्येकाचा संकल्प निराळा असतो. ज्याचें त्याचें गोत्र, ज्याचे त्याचे पितर, ज्याचा त्याचा नवस. शेजारचा मनुष्य पाण्यांत काय मागतो हें विचारण्याचें कारण नसतें. ह्यांत उणें असें कांहीं नाहीं; त्या विधीचें स्वरूपच तसें आहे. मात्र सायंकाळीं आरती सुरूं झाली कीं तेथेंच निराळा प्रकार होतो. ज्यास सर्व कडवीं येत नाहींत तोही ध्रुपद धरतो, टाळ्या एका ठेक्यावर पडतात, आणि आवाज कोणा एकाचा राहत नाहीं. एका ठिकाणीं केलेली प्रार्थना आणि एकत्र केलेली प्रार्थना ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें आमच्या घाटावरील पायऱ्यांसही ठाऊक आहे. ख्रिस्ती लोकांची सामुदायिक प्रार्थना ही दुसऱ्या जातीची. ती पुष्कळ खासगी प्रार्थनांची बेरीज नव्हे, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका येथेंच होतो.

हा रिवाज किती जुना आहे, याची साक्ष ख्रिस्ती नसलेल्या एका मनुष्यानेंच देऊन ठेविली आहे. बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी यानें इसवी सन ११२ च्या सुमारास बादशहा ट्राजन यास एक पत्र लिहिलें. ह्या नव्या पंथाच्या लोकांचें करावें तरी काय, असा त्यास पेंच पडला होता. त्यानें चौकशी केली, दोघी दासींना छळून विचारलें, आणि हातीं काय लागलें? तर हे लोक नेमलेल्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात आणि ख्रिस्तास देव मानून आळीपाळीनें स्तोत्र म्हणतात. आळीपाळीनें, हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. एकानें म्हणावें आणि दुसऱ्यानें तें उचलून धरावें, ही रीत ज्यानें वारकऱ्यांचें भजन ऐकलें आहे त्यास समजावून सांगावी लागत नाहीं.

आतां विद्यार्थ्यांच्या मुख्य आक्षेपाकडे वळतों. आक्षेप घेणारा चतुर असेल तर तो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुढें करील. तेथें येशूनें आपल्या शिष्यांस सांगितलें आहे, कीं लोकांनीं पाहावें म्हणून चवाठ्यावर उभें राहून प्रार्थना करूं नका. आपल्या खोलींत जा आणि दार लावून घ्या. मग सभा कशास पाहिजे? परंतु त्याच अध्यायांत, अवघ्या कांहीं ओळींच्या अंतरावर, त्यानें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली ती पाहा. तींत ‘मी’ नाहीं, ‘माझें’ नाहीं. आरंभापासून शेवटपर्यंत सर्व ‘आम्ही’ आणि ‘आमचें’ आहे. भाकर मागावयाची ती आमची. क्षमा मागावयाची ती आमच्या अपराधांची. म्हणजे दार लावून एकटा बसलेला मनुष्यसुद्धां ती प्रार्थना म्हणूं लागला कीं त्याच्या खोलींत शेजारी येऊन बसतात. एकांताची आज्ञा देखाव्याविरुद्ध आहे, सोबतीविरुद्ध नाहीं. आणखी एक गोष्ट सहज सांगतों: ती सबंध प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटांत संपते. पुढें या विषयाकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

सामुदायिक प्रार्थनेचा मुख्य मनुष्य कोण? पुष्कळांस वाटतें, जो उभा राहून बोलतो तो. पाळक, वडील, किंवा शाळेंत ज्याच्या हातीं ध्वनिक्षेपक असतो तो. माझें मत याच्या उलट आहे. मुख्य मनुष्य तो, जो शेवटीं आमेन म्हणतो. हा शब्द मूळ हिब्रू भाषेंतला. खरें आहे, दृढ आहे, तसेंच होवो, असा त्याचा भाव. बोलणाऱ्याची प्रार्थना त्या एका शब्दानें ऐकणाऱ्याची होते. तो शब्द म्हणणारा नसेल तर बोलणारा एकटाच बोलत राहिला असें झालें. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत पौलानें हीच गोष्ट काढली आहे. त्या मंडळींत लोक भावनेच्या भरांत परक्या, न समजणाऱ्या भाषांत प्रार्थना करीत. पौल त्यांस विचारतो, कीं तुमच्यामध्यें बसलेला जो साधा, अनभिज्ञ मनुष्य, त्यास तुम्ही काय बोललां हें कळलें नाहीं, तर त्यानें आमेन कसें म्हणावें? इतक्या मोठ्या तत्त्ववेत्त्यानें सभेची कसोटी कोणास धरून लावली, तर मागच्या रांगेंतील माणसास धरून. मला ही गोष्ट वाचतांना नेहमीं संतोष होतो, त्याचें कारण वर आलेंच आहे.

ही कसोटी हातीं घेतली म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांतील पुष्कळ मोठालीं प्रकरणें सोपीं होतात. सन १५४९ मध्यें इंग्लंडांत आर्चबिशप क्रॅन्मर यानें सामान्य प्रार्थनेचें पुस्तक इंग्रजींत काढलें; तोंवर तेथील शेतकरी लॅटिन ऐकून घरीं जात असे. रोमन कॅथोलिक मंडळीस हें पाऊल टाकावयास आणखी चार शतकें लागलीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें डिसेंबर १९६३ मध्यें उपासनेविषयींची घटना मंजूर केली, आणि त्यानंतर वसईच्या देवळांतून मिस्सा मराठींत ऐकूं येऊं लागली. परंतु आपल्या भाषेचा मान त्याहून जुना आहे. थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेजुइत १५७९ सालीं गोव्यास आला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्या! गोव्यांतील नवख्रिस्ती लोक देवळांत जमून तें ऐकत. आपल्या ओवींत, आपल्या शब्दांत देवाची गोष्ट ऐकून ज्या लोकांनीं मान डोलाविली, त्यांच्यावर पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें, कीं तीन वर्षांच्या आंत येथील भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. फर्मानानें जीभ थोडीच बदलते? मात्र प्रार्थनेंतील जीभ आणि चुलीपाशींची जीभ यांच्यामध्यें एक भिंत उभी राहते, आणि ती पडावयास पिढ्या लागतात.

महाराष्ट्रांत ही भिंत ज्यांनीं पाडली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव पहिल्यानें घ्यावें लागेल. टिळकांचा जन्म १८६१ चा. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापूर्वीं मराठी उपासनेंत गीतें नव्हतीं असें नाहीं. पण त्यांतील पुष्कळशीं इंग्रजी चालींवर बसविलेलीं. शब्द मराठी, पण श्वास विलायती. खेड्यांतील म्हातारा तीं तोंड हलवून म्हणे, पण त्याचे पाय ठेका धरीत नसत. टिळकांनीं अभंग आणला. तुकोबांचें ऋण त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. त्यांचीं भजनें मंडळीच्या गीतसंग्रहांत गेलीं आणि अहमदनगरच्या बाजूस टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तनें रंगूं लागलीं. आज उपासनेंत टिळकांचें पद सुरूं झालें म्हणजे अक्षरशत्रु बाईसुद्धां पुस्तक न उघडतां गाते. हा पौलाच्या प्रश्नास मराठींत दिलेला जबाब होय. आणि टिळक एवढ्यावरही थांबले नाहींत. आयुष्याच्या शेवटल्या दिवसांत, १९१७ सालीं, त्यांनीं मिशनचें वेतन सोडून सातारा येथें ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्हीं प्रकारच्या भक्तांस बसावयास जागा होती. दोन वर्षांतच ते निवर्तले. तो दरबार पुढें टिकला नाहीं, पण मागच्या रांगेची इतकी आठवण ठेवणारा दुसरा कोणी मराठी ख्रिस्ती पुढारी मला चटकन् सांपडत नाहीं.

येथें कोणी मला अडवील आणि म्हणेल, कीं तुमच्या ह्या समजण्याच्या कसोटीस केडगांव कसें उतरतें? प्रश्न रास्त आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १९०० च्या सुमारास दीड हजारांवर स्त्रिया व मुली होत्या. कोणी बालविधवा, कोणी मध्यप्रांतांतील व गुजराथेंतील दुष्काळांतून उचलून आणलेल्या. सन १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं एक प्रार्थनामंडळ काढलें. प्रथम सत्तरांच्या आसपास जणी जमत. जूनपर्यंत तो आंकडा पांचशेंवर गेला. आणि मग असें होऊं लागलें, कीं सर्वजणी एकाच वेळीं, मोठ्यानें, आपआपल्या शब्दांत प्रार्थना करीत. पाहावयास आलेले कित्येक गोंधळून गेले. कांहीं मिशनऱ्यांस हा प्रकार शिस्तीस सोडून वाटला. कोण काय म्हणतें हें कळेना, मग आमेन कशास म्हणावयाचें?

मी ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. त्या मुली कोण होत्या हें विसरून चालणार नाहीं. त्यांच्यापैकीं किती जणींस आयुष्यांत कोणी एकदां तरी ‘तुला काय पाहिजे?’ असें विचारलें असेल? सासरीं त्यांचा आवाज ओटीपर्यंत पोंचत नव्हता. दुष्काळांत तर आवाज काढण्याची शक्तिच उरली नव्हती. अशा पांचशें जणींनीं एकदम तोंड उघडलें, आणि कोणीही कोणास ‘हळू बोल’ म्हटलें नाहीं. तेथें एक दुसरीस आमेन म्हणत होती ती शब्दांनीं नव्हे, तर तिच्या रडण्यास जागा करून देऊन. तरी मी असें म्हणेन, कीं हा प्रकार ओढून आणण्याजोगा नाहीं. आज कांहीं ठिकाणीं ध्वनिक्षेपक लावून, वाद्यें वाजवून तसा गलबला मुद्दाम उठविण्यांत येतो; त्यांत पांचशें आवाज नसतात, एकच आवाज पांचशें पटीनें मोठा केलेला असतो. रमाबाईंनीं स्वतः काय केलें तेंही पाहा. ह्याच बाईनें आपल्या उरलेल्या आयुष्याचीं वर्षें हिब्रू व ग्रीक शिकून, सबंध बायबल साध्या बायकांस कळेल अशा सोप्या मराठींत उतरविण्यांत खर्चिलीं. १९२२ च्या एप्रिलांत त्या वारल्या तेव्हां काम हातावेगळें झालेलें होतें; पुढें दोन वर्षांनीं तें बायबल मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. म्हणजे गलबल्यानंतरही शेवटीं समजणें आलेंच.

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं, कारण माझ्या मतें खरी अडचण येथें आहे. पश्चिम खानदेशांत स्वीडिश व इतर मिशनांनीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून काम केलें. नवापूर तालुक्यांतील चिंचपाड्याचें ख्रिस्ती रुग्णालय १९४२ चें. ह्या बाजूच्या मंडळ्यांत आदिवासी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांची घरची भाषा मराठी नव्हे. कोणाची मावची, कोणाची भिली, सातपुड्याच्या बाजूस पावरी. शिवाय आमच्या प्रकाशा-शहादा भागांत अहिराणी आणि गुजरी आहेतच. मुलगा शाळेंत येतो, ग्रंथांतील मराठी शिकतो, आणि सुटींत घरीं गेला कीं वडील त्यास म्हणतात, ‘आतां तूं शिकलास, प्रार्थना तूंच चालव.’ तो उभा राहतो आणि ‘हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सनातन’ अशीं विशेषणें एकामागून एक बाहेर काढूं लागतो. आजी हात जोडून बसलेली असते. तिला अभिमान वाटतो, यांत शंका नाहीं; परंतु तिला काय कळतें? जी भाषा तिनें ह्याच मुलाच्या आजारांत रात्रभर देवाशीं बोलतांना वापरली, ती आतां देवाच्या कानीं घालण्यास कमी दर्जाची ठरली, एवढें मात्र तिला न सांगतां कळतें. बाळांनो, हें तुम्ही करूं नका. शाळेंत मराठी प्रार्थना करा, इंग्रजीही करा. पण घरीं आजीच्या भाषेंत करा. ज्या भाषेंत तुम्हांस भूक लागते आणि ठेंच लागते तींत मागितलेलें मागणें खोटें होऊं शकत नाहीं. लाज वाटावयाची असेल तर विशेषणांची वाटावी.

विशेषणांवरून आठवलें. प्रार्थना लांबविण्याची जी एक खोड सभांतून दिसते तिच्याविषयीं कोणी उघड बोलत नाहीं, म्हणून मी बोलतों. कांहीं सद्‌गृहस्थ प्रार्थनेच्या निमित्तानें देवास गांवाचा अहवाल सादर करितात. कांहीं जण डोळे मिटून शेजाऱ्यास उपदेश करितात. जें तोंडावर सांगण्याचें धैर्य नव्हतें तें देवाच्या पत्त्यावर पाठविलें जातें. कांहीं वेळां पाळकाच्या पगाराचा प्रश्नही तेथेंच निघतो. पुढच्या बाकावरची पोरें एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात, मागची म्हातारी भिंतीस टेकते, आणि आमेन येतें तेव्हां त्यांत भक्तीपेक्षां सुटकेचा स्वर अधिक असतो. अर्ध्या मिनिटाच्या प्रार्थनेचा नमुना ज्यांस दिला गेला, त्यांनीं अर्धा तास बोलावें हें विचित्रच नव्हे काय? लांब प्रार्थना एकट्यानें करावी. तेथें देवाखेरीज कोणाचे पाय दुखत नाहींत.

घरांतील प्रार्थना हा ह्या विषयाचा सर्वांत नाजूक भाग. वसईकडील कॅथोलिक कुटुंबांत सायंकाळीं दिवे लागले कीं सर्वांनीं मिळून जपमाळ म्हणण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि मे महिन्यांत आळीतल्या क्रुसापाशीं शेजारपाजार एकत्र जमतो. प्रॉटेस्टंट घरांतून बायबलाचा एक भाग वाचून प्रार्थना होते. दोहोंचाही शत्रु आज एकच आहे, आणि तो प्रत्येकाच्या खिशांत आहे. परंतु मोबाइलास दोष देऊन आपण सहज मोकळे होतों. पालकांनीं मनाशीं विचारावें, कीं प्रार्थना बंद पडली ती खरोखर मोबाइलानें, कीं त्यापूर्वींच? पुष्कळ घरांत ती बांधाच्या भांडणापासून बंद पडलेली असते. ज्याच्याशीं बोलणें नाहीं त्याच्या शेजारीं बसून ‘आमचें’ म्हणावयाचें कसें? येशूनें यावर फार कठोर उपाय सांगितला आहे: वेदीवर अर्पण आणलें असेल आणि भाऊ रुष्ट आहे हें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून प्रथम भावाकडे जावें. म्हणजे एकत्र प्रार्थना ही समेटाची जागा नव्हे, समेट करावयास लावणारी जागा आहे. एकटा प्रार्थना करणारा मनुष्य शत्रूस टाळूं शकतो. सभेंत बसणाऱ्यास तो समोरच दिसतो. एकांत अधिक शुद्ध म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही अडचण ध्यानांत घ्यावी. एकांतांतील भक्ति सोपी पडते, कारण तेथें भाऊबंद नसतात.

आणि भाऊबंद म्हणजे केवळ सख्खे नव्हेत. जातीची ओळ देवळांतही येऊन बसते. ख्रिस्ती मंडळ्याही तींतून सुटल्या नाहींत. कलकत्त्याचे बिशप विल्सन यांस १८३३ सालीं दक्षिणेकडील मंडळ्यांत जातिभेद पाळूं नये असें निक्षून लिहावें लागलें, कारण एका देवळांत बसणारे लोक निराळ्या बैठकी मागत होते. हिंदु समाजांतही तोच प्रश्न. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असलेले आपल्या खानदेशाचे साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरास उपोषणाला बसले तें कशासाठीं? विठ्ठलाच्या पायांशीं सर्वांस जातां यावें यासाठीं. प्रार्थना एकत्र व्हावयाची तर दार आधीं उघडावें लागतें.

शेवटीं शाळा. आपल्या शाळांत सर्व धर्मांचीं मुलें येतात; किंबहुना बहुतेक मिशन शाळांत ख्रिस्ती मुलांची संख्या थोडीच असते. मग सकाळची ख्रिस्ती प्रार्थना कोणाची? भारताच्या घटनेचें कलम २८ ह्याविषयीं स्पष्ट आहे: सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवांचून धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ति करतां येत नाहीं. कांहीं ख्रिस्ती मित्रांस हें कलम म्हणजे आपल्या शाळांवरचें बंधन वाटतें. मला तें प्रार्थनेचेंच रक्षण वाटतें. सक्तीनें म्हटलेलें आमेन हें आमेनच नव्हे. गांधीजींची गोष्ट पाहा. एप्रिल १९४७ मध्यें दिल्लीस त्यांच्या सायंप्रार्थनेंत कुराणांतील वचनें म्हणण्यास कोणीं हरकत घेतली, तेव्हां त्यांनीं हरकत घेणाऱ्यास बाहेर काढलें नाहीं, प्रार्थनाच थांबविली. हजारों लोक जमले होते, आणि एका माणसाच्या नकारापुढें ती सभा थांबली. एकत्र ह्या शब्दाची एवढी किंमत मोजलेली दुसरी सभा मला ठाऊक नाहीं.

म्हणून माझें म्हणणें असें. शाळेंत प्रार्थना असावी. ज्यास त्यांत भाग घ्यावयाचा नाहीं त्यास शांत उभें राहण्याची किंवा बाहेर थांबण्याची मोकळीक असावी, आणि त्याबद्दल कोणी त्यास पुढें एक शब्दही विचारूं नये. प्रार्थना मात्र अशी असावी, कीं मुलास पोंचवावयास आलेला बाप कुंपणापाशीं उभा राहून ती ऐकेल, तर त्यास आपल्या मुलाविषयीं काळजी वाटूं नये, बरें वाटावें. आणि ती परीक्षेंतील गुणांपलीकडे जावी. लुधियाना येथील मिशनऱ्यांनीं १८५८ सालीं जगांतील ख्रिस्ती लोकांस पत्र लिहून जानेवारी १८६० मध्यें एक आठवडा सर्व जगासाठीं प्रार्थना करण्यास बोलाविलें, आणि दूरदूरच्या देशांनीं तें मान्य केलें. ख्रिस्ती स्त्रिया १९२७ पासून जगभर एक प्रार्थनादिन पाळतात, हल्लीं दर मार्चच्या पहिल्या शुक्रवारीं, आणि दर वर्षीं त्याची उपासना एका निराळ्या देशांतील स्त्रिया लिहून देतात. पंजाबांतील एका गांवास जर जग आठवलें, तर आपल्या पटांगणास निदान आपला हजेरीपट आठवावा.

तो हजेरीपटच घ्या. दिवाळी झाली कीं आपल्या जिल्ह्यांतील किती कुटुंबें ऊसतोडीस गुजराथेंत जातात! वर्गांतील जागा एकेक करून रिकाम्या होतात. शिक्षक पटावर गैरहजेरीची खूण करून पुढें जातो. कोणी मुलगी रक्तांतील सिकलसेलच्या दुखण्यानें घरीं अंथरुणावर असते. सांधे दुखतात, आणि वर्गांत तिला आळशी म्हणतात. माझी सूचना अगदीं लहान आहे. सोमवारच्या प्रार्थनेंत प्रत्येक वर्गानें जीं मुलें आज नाहींत त्यांचीं नांवें वाचावीं. केवळ नांवें, कारण सांगूं नये, उपदेश करूं नये. मग एकानें दोन-तीन वाक्यें म्हणावीं, तीं एका आठवड्यास मराठींत, दुसऱ्यास मावचींत, तिसऱ्यास पावरींत, आणि अहिराणीचीही पाळी यावी. वर्गांतील ज्या मुलाची ती घरची भाषा, त्यानेंच तीं म्हणावीं. मग तो अभ्यासांत शेवटून पहिला असला तरी चालेल. नंतर ज्यास आमेन म्हणावयाचें असेल त्यानें म्हणावें, ज्यास तथास्तु म्हणावयाचें असेल त्यानें तें म्हणावें, आणि ज्यास गप्प राहावयाचें असेल त्यानें गप्प राहावें. उसाच्या फडावरून फाल्गुनांत परत आलेल्या मुलास शेजारच्या बाकावरील कोणी सहज सांगेल, कीं तुझें नांव आम्ही बारा सोमवार घेत होतों.